जुन्या गाडीचा दाखला

गल्फहून कायमचा परतलेला माणूस आमच्या दाभोळात आधी घराचे छप्पर दुरुस्त करतो, मग घरातले एखादे लग्न उरकतो, आणि त्यातूनही काही शिल्लक उरली तर गाडी घेतो. माझे भाईजान याच क्रमाने गाडीपर्यंत आले. अठरा वर्षे त्यांनी दुबईत टॅक्सी चालवली. इकडे अम्मीचे वय झालेले. तिला कधी दापोलीला, तर कधी फेरीबोटीने धोपाव्याला उतरून चिपळूण-डेरवणकडे दवाखान्यात न्यावे लागते. प्रत्येक वेळी भाड्याची गाडी परवडत नाही, आणि वेळेवर मिळतही नाही. नवी गाडी घ्यावी एवढी शिल्लक नव्हती. म्हणून जुनी घ्यायची ठरले, आणि जुनीतही हायब्रिड.

हायब्रिडचा हट्ट भाईजानांचा. दुबईच्या टॅक्सींत हायब्रिड कॅमरी त्यांनी वर्षानुवर्षे हाताळली होती. या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेची मोटर. ब्रेक लावला की वाया जाणारी ताकद बॅटरीत साठते आणि पुढे तीच गाडीला ढकलते. प्लग लावून चार्ज करायची भानगड नाही. जपानात टोयोटाची प्रियस १९९७ साली आली. भारतात ती २०१० मध्ये पोहोचली, पण ती श्रीमंतांची गाडी राहिली. मध्यमवर्गाच्या नजरेच्या टप्प्यात हायब्रिड आली ती २०२२ साली, होंडा सिटी, मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या रूपाने. त्या वेळच्या गाड्या आता लाख-सव्वा लाख किलोमीटर पळून जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत.

अशीच एक २०२२ ची गाडी घाटावरच्या एका शहरात विक्रेत्याकडे उभी होती. रंग चकचकीत, सीटवर नवी कव्हरे, मीटरवर ९६,२०० किलोमीटर. भाईजानांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "हिच्या पासिंगचे मागचे कागद दाखवा."

विक्रेता हसला. "चाचा, हे दुबई नाही. खाजगी गाडीला पंधरा वर्षे पासिंग नसते."

त्याचे म्हणणे खरे होते. दुबईत पहिली तीन वर्षे सोडली तर दर वर्षी गाडी तपासणीत उतरल्याशिवाय तिची मुल्किया, म्हणजे नोंदणी, पुढे चालू राहत नाही. ब्रिटनमध्ये १९६० पासून अशी तपासणी आहे. तिथे गाडीचा नंबर टाकला की कोणत्या वर्षी ती नापास झाली, कशात झाली आणि त्या दिवशी मीटरवर किती आकडा होता, हे कोणालाही फुकट पाहता येते. जपानात नव्या गाडीची तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी परीक्षा होते. आपल्याकडे पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी पासिंग करावे लागते. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी मात्र एकदा नोंदली की पंधरा वर्षे तिला कोणी विचारत नाही. पीयूसी असते, पण ती धुराबद्दल बोलते. ब्रेक, सस्पेन्शन, बॅटरी यांच्याबद्दल ती मुकी असते.

मी शिक्षिका. पंधरा वर्षे परीक्षाच न दिलेला विद्यार्थी ही कल्पनाच मला सहन होईना. पण बी.एड.ला संचयी नोंदपत्रक शिकलेली मी, एवढे मला माहीत होते की परीक्षा झाली नसली तरी नोंदी कुठे ना कुठे असतात. त्या विखुरलेल्या असतात, इतकेच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शंका आली की आम्ही जनरल रजिस्टर उघडतो. पालकाच्या हातातला कागद नकलेचा, रजिस्टर अस्सल. गाडीचे जनरल रजिस्टर कुठे असेल, ते शोधायचे होते.

पहिली नोंद सरकारी. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आणि गाडीवर बँकेचा बोजा आहे का, हे कळते. बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हवा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दंडाच्या थकलेल्या पावत्याही ऑनलाइन दिसतात. याशिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि त्याच्या ताब्यातली गाडी कुठे, कशासाठी, किती फिरली याची नोंदवही ठेवावी लागते. आम्ही ते अधिकारपत्र मागितले. "काम चालू आहे," असे उत्तर मिळाले.

दुसरी नोंद गाडीच्या अंगावर असते. ती वाचायला भाईजान बसले. हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असते. तिला गार ठेवायला हवा आत घेणारी जाळी असते. ती धुळीने, केसांनी तुंबली तर बॅटरी तापते आणि लवकर म्हातारी होते. त्यांनी जाळीत बोट घालून पाहिले. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, डिकीची चटई उचलून खाली चिखलाची रेघ आहे का ते बघितले. हे शेवटचे आम्हा खाडीकाठच्यांना कोणी शिकवावे लागत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा रस्त्यावरच्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. ती वाशिष्ठी आमच्याच दारात समुद्राला मिळते. बुडालेली गाडी धुऊन, सुकवून, सुगंध फवारून परगावी विकली जाते. साधी गाडी त्यातून कशीबशी चालते, पण जिच्या तळाशी उच्च दाबाची बॅटरी आहे तिचा काय भरवसा? या गाडीत चिखल नव्हता. जाळीही बरी होती.

तिसरी नोंद कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात. भाईजानांनी हट्टाने गाडी तिथे नेली आणि तपासणीचे पैसे आपल्या खिशातून भरले. यंत्र जोडून बॅटरीच्या प्रत्येक कप्प्याचा दाब पाहतात. एखादा कप्पा इतरांपेक्षा दुबळा निघाला तर तोच पुढे सगळ्यांना घेऊन बुडतो. कप्पे ठीक होते. मग तिथल्या माणसाने नंबर टाकून सर्व्हिसची यादी वाचायला घेतली. मी वही उघडून लिहीत होते. शेवटची नोंद फेब्रुवारीतली, मीटर १,३१,६४०. आम्ही गाडी पाहत होतो नोव्हेंबरात. नऊ महिन्यांत गाडी पस्तीस हजार किलोमीटर मागे गेली होती.

"मीटर बदलला होता," विक्रेता म्हणाला. बदलल्याचे बिल कुठे, याला उत्तर नव्हते.

ही लबाडी फक्त आकड्याची नव्हती. टोयोटा आणि होंडा भारतात हायब्रिड बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत देतात. मीटरप्रमाणे अजून ६३,८०० किलोमीटरची हमी शिल्लक दिसत होती. खऱ्या नोंदीप्रमाणे ती फार तर २८,३६०, आणि त्यातूनही मधल्या नऊ महिन्यांची धाव वजा करायची. म्हणजे अम्मीला घेऊन डेरवणला जाणारी गाडी वर्ष-दोन वर्षांत बिनहमीची झाली असती, आणि बॅटरीने दगा दिला असता तर तो खर्च अठरा वर्षांच्या शिलकीच्या उरल्यासुरल्या तळातून गेला असता.

विक्रेत्याला मात्र त्यात काही गैर वाटले नाही. "घेणाऱ्याने बघून घ्यावे," असे तो म्हणाला. १९३० च्या मालविक्री कायद्याचाही मूळ कल घेणाऱ्याने सावध राहावे असाच आहे, त्याला अपवाद असले तरी. पण आमच्याकडे लहानपणापासून दुसरी एक गोष्ट सांगतात. पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. ती ओल वर का ठेवली नाहीस, म्हणजे लोकांना दिसली असती, असे त्यांनी विकणाऱ्याला विचारले. म्हणूनच फिकहमध्ये ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. जुन्या मालात ऐब असणारच. तो सांगण्याची जबाबदारी कोणाची, एवढाच प्रश्न आहे.

ती गाडी आम्ही सोडली. दोन महिन्यांनी तशीच दुसरी मिळाली. मीटर १,१८,००० च्या पुढे, एका दाराला पोचा, किंमत पहिलीपेक्षा जास्त. पण मालकाने फाइलच पुढे ठेवली. प्रत्येक सर्व्हिसचे बिल, टायर बदलल्याची पावती, विम्याच्या दाव्याचे कागद, सगळे तारखेने लावलेले. दाराला पोचा कसा पडला हे त्याने आपणहून सांगितले. वर्कशॉपातली यादी आणि फाइल ओळीने ओळ जुळली. बिरादरीतल्या काहींनी भाईजानांना वेड्यात काढले की कमी पळालेली, स्वस्त गाडी सोडून जास्त पळालेली महाग घेतली. भाईजान म्हणाले, "किलोमीटर जास्त असले तर चालेल, ते खरे असले पाहिजेत."

देशात कधीतरी खाजगी गाडीलाही नियमित तपासणी लागू व्हावी आणि तिचा निकाल घेणाऱ्याला दिसावा, असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत ही फाइल हेच काय ते रजिस्टर. आज आपण घेणारे आहोत, उद्या विकणारे असू. ती फाइल भाईजानांनी माझ्याकडे सोपवली आहे. घरातला हिशेब आम्ही उर्दूत लिहितो. या फाइलमधल्या नोंदी मात्र मी मराठीत करते, कारण ही गाडी पुढे कोणाच्या दारात जाईल ते आपल्याला माहीत नाही, आणि त्याला त्या वाचता आल्या पाहिजेत.