गाडी, फाईल आणि भिलाई

हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलेला मराठी माणूस गोंदिया सुटले की खिडकीबाहेर पाहायचे सोडून देतो. आपला मुलूख संपला, असे त्याला वाटते. पण डोंगरगडच्या टेकडीवरचे बम्लेश्वरीचे देऊळ मागे पडते, राजनांदगाव येते, शिवनाथ नदीचा पूल लागतो, दुर्ग स्टेशन जाते आणि मग आभाळात एकामागून एक धुरांडी उभी राहतात. भिलाई आली!

खरे तर हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यानंतर भोपाळ आणि १ नोव्हेंबर २०००पासून रायपूर. माणसे आपल्या जागीच राहिली, कागदावरचे शिक्के मात्र बदलत गेले. शिक्क्यांची ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे तिच्याशी गाठ पडणार आहे.

पोलादाचे गाव

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि भातशेतीच्या या भागात भिलाई उभी राहू लागली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. लोहखनिज दल्लीराजहराच्या खाणींतून येऊ लागले, चुनखडी नंदिनीहून. भारतीय रेल्वेचे रूळ म्हटले की भिलाईचे नाव येते, ते तेव्हापासून.

गाव आखीव आहे. सेक्टर एक, सेक्टर दोन असे पत्ते, रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडांची सावली आणि त्याआड कंपनीची क्वार्टर्स. सेंट्रल अव्हेन्यू सकाळी पाहावा. पहिली पाळी लागते तेव्हा सायकली आणि स्कूटर यांची रांग लागते आणि नंतर तासभर रस्ता मोकळा होतो. पाहुण्यांना घेऊन जायचे ते सिव्हिक सेंटरला आणि भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून उभारलेल्या मैत्रीबागेत. तिथले पांढरे वाघ पाहिल्याशिवाय मुले घरी यायला तयार नसतात. बाजार करायचा तो सुपेला किंवा पॉवर हाऊसला. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई याच परिसरातल्या गनियारी गावच्या. तमिळ, बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी आणि मराठी घरे इथे भिंतीला भिंत लावून राहिली. शेजारणीकडची इडली आणि आपल्या घरची पुरणपोळी यांची देवघेव कितीतरी वर्षे चालली.

या गावात एक सवय सर्वांच्या अंगी मुरलेली असते. ती म्हणजे नोंद ठेवण्याची. इथून निघालेल्या रुळाच्या अंगावर बनवणाऱ्याचे नाव, वर्ष आणि रुळाचा प्रकार उठवलेला असतो. पोलाद कोणत्या घाणातले, त्याचाही क्रमांक असतो. कुठे रूळ तडकला तर त्याचा जन्म कुठे व कधी झाला, हे शोधता येते. अशा कारखान्यात तीस-पस्तीस वर्षे काढलेला माणूस घरी आल्यावर विजेच्या बिलाचीसुद्धा फाईल करतो.

शेडमधली गाडी

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. वडील कारखान्यात अभियंता होते. जुन्या गाड्यांचा त्यांना नाद. तरुणपणी त्यांनी एक उघड्या टपाची दोन आसनी गाडी घेतली. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी. इंजिन १,७९८ सीसीचे, दोन एसयू कार्बोरेटर आणि मागे दुमडून ठेवता येणारे कापडी टप. आयातीवर कडक निर्बंध असण्याच्या काळात परदेशी वकिलातीतील मंडळी जाताना आपल्या गाड्या ठेवून जात आणि त्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. ही गाडीही तशीच दिल्लीहून कोलकात्याला आणि तिथून भिलाईला आलेली.

दर रविवारी सकाळी टप उघडून, आईला शेजारी बसवून सेंट्रल अव्हेन्यूवर एक फेरी होई. आईच्या डोक्याला रुमाल बांधलेला असे. सेक्टरमधली पोरे मागे धावत. या फेरीइतकेच नियमाने वडील रात्री फाईल उघडत. तेल बदलले त्याची तारीख, मैलांचा आकडा, टायरची पावती, टप शिवणाऱ्याला दिलेले पैसे, सारे त्या फाईलमध्ये असे.

आता वडील नाहीत. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी भिलाईतच शिक्षिका. मिळालेले क्वार्टर कंपनीला परत करायचे आहे. आई मुलीच्या फ्लॅटवर राहायला जाणार, पण तिथे गाडीला शेड नाही. भिलाईचा मे महिना कापडी टपाला आणि रबराला सोसत नाही, जून ते सप्टेंबरचा पाऊस पत्र्याला सोसत नाही. उघड्यावर ठेवलेली अशी गाडी दोन-तीन वर्षांत भंगार होते. तेव्हा गाडी विकायला हवी, हे तिघांनाही कळते. भांडण आहे ते कशी विकायची यावर.

मुलाला चार दिवसांची रजा. एक दलाल रोख पैसे घेऊन दारात उभा. “कागद राहू द्या हो, जुन्या गाडीला कोण कागद विचारतो?” असे त्याचे म्हणणे. मुलगी म्हणते, “बाबांनी इतकी वर्षे फाईल सांभाळली ती काय रद्दीत घालायला?” आई काहीच बोलत नाही.

कायदा मुलीच्या बाजूचा

मुलीचे म्हणणे भावनेचे वाटले, तरी व्यवहाराचेही तेच आहे. वडिलांच्या नावावरची गाडी वारसांना परस्पर विकता येत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती सोबत लागते. गाडी आईच्या नावावर आली की मगच विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० भरायचे. खरेदीदार दुसऱ्या राज्यातला असेल तर फॉर्म २८ भरून ना-हरकत दाखला घ्यायचा. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते.

एवढा खटाटोप कशासाठी? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. अपघात झाला तर भरपाईची नोटीस त्याच्याच दारी येते. दलालाचे रोख पैसे संपून जातील, पण नोटीस आईच्या नावे येत राहील. शिवाय एप्रिल २०१७पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला प्राप्तिकर कायद्याने मनाई केली. म्हणजे रकमेसाठीही बँकेचाच मार्ग बरा.

भिलाईच्या गाडीला आणखी एक अडचण असते, ती शिक्क्यांची. पुस्तकावर आधी दुसऱ्या राज्याचा शिक्का, मग मध्य प्रदेशाचा, २००० नंतर छत्तीसगडचा. त्यातला एखादा दुवा सुटला तर खरेदीदार मागे फिरतो. जुने हस्तलिखित पुस्तक संगणकावर चढलेले नसेल, तर दुर्गच्या परिवहन कार्यालयात ती नोंद आधी करून घ्यावी लागते. याला चार दिवसांची रजा पुरत नाही.

पन्नाशीचा मान

२०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी असेल तर क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोज कामाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे यासाठीच ती रस्त्यावर आणायची. विक्रीला परवानगी आहे, मात्र विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने नव्वद दिवसांत परिवहन खात्याला कळवायचे असते.

म्हणून विकण्याआधी गाडीला नवा झगझगीत रंग देण्याचा मोह आवरावा. मूळ रंग, मूळ इंजिन, मूळ मीटर यांनाच जाणकार किंमत देतो. चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक कागदाशी जुळतात का, हे तो आधी पाहतो. मग दाराखालचा पत्रा ठोकून पाहतो, कारण या गाड्यांना गंज तिथेच लागतो. ब्रिटनमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम फी घेऊन कारखान्याच्या नोंदींवरून एमजीबीचा दाखला देते. गाडी कोणत्या तारखेला बनली, रंग कोणता होता, कोणत्या देशाला गेली, हे त्यात असते. वडिलांच्या फाईलमागे असा दाखला लागला तर गाडीचे चरित्र पहिल्या पानापासून पूर्ण होते.

दोष लपवू नयेत. टपाला ठिगळ आहे, दुसऱ्या गिअरला आवाज येतो, हे आधीच लिहून द्यावे. खरेदीदाराला फेरी मारायची असेल तर विमा चालू आहे का आणि त्याच्याकडे परवाना आहे का, हे पाहावे आणि घरचे कोणीतरी शेजारी बसावे.

राजाची गाडी, गोव्याची गाडी

कागदांचे मोल समजायला एक उदाहरण पुरे. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे चेसिस घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून तिच्यावर उघडी बॉडी बांधून घेतली. इंजिन ३२० अश्वशक्तीचे, रंग केशरी आणि काळा. ती गाडी पुढे अमेरिकेत गेली. पण कोणी बनवली, कोणासाठी बनवली, हे कागदोपत्री पक्के असल्यामुळे आजही ती होळकरांची गाडी म्हणूनच ओळखली जाते. मालक बदलले, नाव पुसले गेले नाही.

राजाचीच गाडी हवी असे मात्र नाही. गोव्यात वेर्णे येथे सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ नावाची उघड्या टपाची दोन आसनी गाडी बनवली होती. फायबरची बॉडी आणि रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन. फारच थोड्या घरी ती गेली आणि आता ती बनत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी सर्व्हिसच्या पावत्या आजच जपून ठेवाव्यात. पन्नाशी गाठली की त्याच पावत्या गाडीची वंशावळ सांगतील.

शेवटची फेरी

असा विचार झाला की घरातले भांडण आपोआप मिटते. मुलगा एकटाच पुण्याला परततो आणि वारसाच्या संमतीचे प्रतिज्ञापत्र तिथून पाठवतो. मुलगी शाळा सुटल्यावर दुर्गच्या कार्यालयात खेपा घालते. शेजारच्या निवृत्त काकांच्या शेडमध्ये गाडीला पावसाळ्यापुरती जागा मिळते. भिलाईत शेजार अजून टिकून आहे. दलालापेक्षा जास्त पैसे मिळतीलच असे नाही, पण जो येईल तो फाईल मांडीवर घेऊन पान न्‌ पान वाचणारा असेल, याची खात्री असते. अशाच माणसाच्या हातात गाडी द्यावी. फाईलची एक प्रत मात्र घरी ठेवावी.

आणि गाडी जाण्याआधी एका रविवारी पहाटे टप उघडावे. सेंट्रल अव्हेन्यू त्या वेळी मोकळा असतो. आईने डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसावे, मुलीने गाडी चालवावी. मैत्रीबागेपर्यंत जाऊन परत यावे. घरी आल्यावर आईने फाईल मागून घ्यावी आणि वडिलांच्या अक्षराखाली आपल्या हाताने तारीख आणि मैलांचा आकडा लिहावा. या गावात शेवटची नोंदही चुकवायची नसते.