दहा हजार पावलं

मी कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे माझं मराठी म्हणजे मिसळीत टोमॅटो सॉस! पण "तू लिही गं, वेलांट्या आम्ही बघतो" असं मराठी विभागाने म्हटल्यामुळे हे धाडस करतेय. चुकांसाठी आधीच सॉरी.

आपल्या हॉस्टेलमध्ये मेसची भाजी संपते, पण सल्ले कधी संपत नाहीत. कुणी म्हणतं उपाशीपोटी चाल, कुणी म्हणतं उलटं चाल, गुडघे सुधारतात. उगम विचारला तर एकच, फोनवर आलेला मेसेज. आणि या खात्यात मी आमच्या विंगची बॉस होते.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत. पंचवीस वर्षं स्टिअरिंगसमोर बसून काढली आणि त्यातून माझी फी भरली. गेल्या दिवाळीत साताऱ्याला घरी गेले, तेव्हा त्यांची शुगर वाढल्याचं कळलं. गोळ्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी "रोज चालत जा" सांगितलं होतं. बाकीचं मी ठरवलं! ग्राफ पेपरवर तक्ता केला : रोज दहा हजार पावलं, पहाटे, दवातल्या गवतावर, अनवाणी. अनवाणी चाललं की शुगर झपाट्याने उतरते, असा मेसेज होता ना!

आईने कुरकुर केली. बाबा म्हणाले, "आपली इंजिनिअर म्हणतेय ना, मग झालं."

मी हॉस्टेलला परत आले. बाबा रोज रात्री फोनवर ड्यूटीचा हिशोब द्यावा तसा पावलांचा आकडा सांगायचे. नऊ हजार झाले तर आवाज पडलेला. मी म्हणायचे, "बाबा, उद्या भरून काढा हं!"

सबमिशनच्या आठवड्यात आईचा फोन आला. फरशीवर रक्ताचे डाग दिसले म्हणून तिने बाबांचा पाय बघितला, तर टाचेत काच. जखम दोन-तीन दिवसांची, आणि बाबांना पत्ताच नव्हता! डॉक्टरांनी नायलॉनच्या बारीक धाग्याने तळव्याला स्पर्श करून विचारलं, "कळतंय?" बऱ्याच ठिकाणी बाबांना कळलं नाही. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, आणि बाबांचा मधुमेह कळायच्या आधीपासूनच होता म्हणे. अशा पायाची जखम चिघळली तर पाय कापायची वेळ येते. डॉक्टर जाम चिडले. "अनवाणी चालायला कुणी सांगितलं?"

बाबा म्हणाले, "असंच, कुणीतरी."

हे मला आईकडून कळलं. त्या रात्री मी जेवले नाही.

जखम भरायला दीड महिना लागला. सुट्टीत मी स्वतः बाबांबरोबर डॉक्टरांकडे गेले आणि "ते कुणीतरी म्हणजे मी" असं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि पहिल्यांदा नीट सांगितलं : मोजे आणि बंद बूट. बूट झटकून घालायचे. रोज रात्री आरशात तळवा बघायचा. खिशात साखरेची पुडी, कारण काही गोळ्यांनी शुगर एकदम उतरू शकते. आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. वेग किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका.

मग मी आकडे तपासायला बसले. १५० मिनिटांचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत सापडला. आणि माझे लाडके दहा हजार? ते १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राचं नाव निघालं! मोजमापाआधी जाहिरात. नंतरच्या अभ्यासांत त्याहून कमी पावलांनीही चांगला फायदा दिसलाय.

शोधताना लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस भेटले. १९५३ साली त्यांनी दाखवलं, की बसून राहणाऱ्या बस ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पण ते तिथे थांबले नाहीत. युनिफॉर्मची मापं तपासली आणि ड्रायव्हरांची कंबर आधीपासूनच जाड असल्याचं १९५६ मध्ये छापूनही टाकलं. स्वतःच्याच निष्कर्षावर शंका! मेसेज पाठवणारा कधी असं करतो का?

मित्रांनो, आपण लॅबमध्ये कॅलिब्रेशन न केलेल्या मीटरचं रीडिंग घेत नाही. मग आईबाबांच्या शरीरावर प्रयोग कसे करतो? सल्ला कुणी दिला, कुणावर तपासून दिला, त्यात त्याला काय विकायचंय, एवढं तरी विचारा. ठणठणीत असाल तर सरळ चालू लागा. पण शुगर, बीपी, हृदय किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, सांधे दुखत असतील तर फिजिओथेरपिस्टला. मोठमोठ्या मार्गदर्शिका सगळ्यांसाठी असतात. बाबांचा तळवा मात्र त्या डॉक्टरांनीच बघितला होता.

मी बाबांना विचारलं, "तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?" म्हणाले, "अगं, तू चांगल्यासाठीच सांगितलंस ना!"

आता रोज रात्री फोन येतो, पण पावलांचा आकडा नसतो. "आरशात बघितलं. तळवा ठीक." एवढंच. मग मी जर्नल लिहायला बसते.