घरचा कॉम्प्युटर आणि लोकांची अमानत

शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की आमच्या घरी गर्दी होते. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या घरांतल्या आया आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक घेऊन येतात. अर्ज भरून होतो, पण त्या कागदांच्या प्रती आमच्या कॉम्प्युटरमध्ये राहतात. ही लोकांची अमानत आहे. त्याच कॉम्प्युटरवर माझा मुलगा गेम टाकतो आणि मी पेन ड्राइव्हवरून आलेल्या प्रश्नपत्रिका उघडते.

आम्हा उर्दू शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका अनेकदा इनपेजमध्ये केलेल्या असतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांनी याच इनपेजमधला एक कच्चा दुवा उघड केला. मुद्दाम बनवलेली फाइल उघडली की तिच्यातला घातक कोड चालू व्हायचा. आशियातल्या बँकांवर हल्ल्यासाठी अशा फायली वापरल्या गेल्या होत्या. म्हणजे उर्दूची साधी फाइलसुद्धा डोळे झाकून उघडण्यासारखी राहिली नाही.

असा कोड सहसा फाइल उघडणाऱ्याच्याच अधिकारात चालतो. विंडोजमध्ये पहिलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असतं आणि बऱ्याच घरांत सगळे तेच वापरतात. तिजोरीच्या चाव्या कमरेला लावून रोज बाजारात हिंडावं, तसं हे. गरजेपुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी १९७५ मध्येच मांडलं होतं.

आमच्याकडे आता तीन खाती आहेत. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन आधी एक नवं ॲडमिनिस्ट्रेटर खातं केलं, त्याला पासवर्ड दिला. मग माझं नेहमीचं खातं बदलून 'स्टँडर्ड यूजर' केलं. मुलाला तसंच वेगळं दिलं. आता नवं सॉफ्टवेअर टाकायचं, तर बहुतेक वेळा ॲडमिनचा पासवर्ड लागतो.

मुलगा म्हणाला, "अम्मी, माझ्यावर भरोसा नाही का?"

म्हटलं, "बेटा, तुझ्यावर आहे. तू जे डाउनलोड करतोस त्याच्यावर नाही. आणि बघ, मीसुद्धा साध्याच खात्यातून काम करते."

याचा दुसरा फायदा मोठा आहे. त्याच्या खात्यातून माझ्या खात्यातली कागदपत्रं उघडत नाहीत. त्याच्या गेमबरोबर काही घाण आलीच, तर ती सहसा त्याच्याच खोलीत अडकते.

मात्र हा पक्का किल्ला नव्हे. माझ्या खात्यात मीच घातक फाइल उघडली, तर माझ्या फायली ती चोरू शकते, कुलूपबंदही करू शकते. म्हणून विंडोजचे अपडेट थांबवायचे नाहीत, गरजेच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. अर्ज मंजूर झाला की दुसऱ्याच्या कागदांच्या प्रती पुसून टाकायच्या. अमानत गरजेपेक्षा जास्त दिवस बाळगू नये.