मागचा आकडा किती होता?

काही वर्षांपूर्वी साठी ओलांडलेल्या एक काकू यजमानांचा रक्ताचा अहवाल घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. स्वतःचे एक मूत्रपिंड त्यांनी यजमानांना दिले होते. वही उघडून त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यांचं क्रिएटिनिन नेहमी १.० असतं. या वेळी १.३ आलंय."

अहवालावर छापलेल्या मर्यादेत तो आकडा बसत होता. "काळजीचे कारण नाही," असे सांगून मी त्यांना परत पाठवले. त्यांचे समाधान झाले नाही. दुसऱ्याच दिवशी त्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे गेल्या. बायोप्सी झाली आणि शरीर नवे मूत्रपिंड नाकारू लागल्याचे निदान झाले. उपचार वेळेवर मिळाले, मूत्रपिंड वाचले. मी छापील मर्यादा पाहिली होती. त्यांनी मागचे आकडे पाहिले होते. चूक माझी होती.

वाचकहो, क्रिएटिनिन हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती घटल्यावरच ते रक्तात साचते. उतारवयात स्नायू क्षीण झालेले असतील, तर हा आकडा मुळातच कमी दिसतो आणि फसवतो.

१९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी यशस्वी केलेले मूत्रपिंड प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधले होते. म्हणून शरीराने ते अवयव परके मानले नाही. इतरांच्या बाबतीत दाता आणि रुग्ण यांचा डीएनए वेगळा असतो. याच वेगळेपणाचा उपयोग आता तपासणीसाठी होतो. नव्या मूत्रपिंडातील पेशींना इजा झाली की दात्याच्या डीएनएचे तुकडे रुग्णाच्या रक्तात वाढतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात त्यासाठी १ टक्का ही सीमारेषा वापरली होती. मात्र अन्य कारणांनी इजा झाली तरी हे प्रमाण वाढू शकते आणि सौम्य नकार कधी निसटूनही जातो. दात्याविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडेही रक्तात तपासता येतात. तरीही अंतिम निवाडा बहुधा बायोप्सीच करते.

आपल्या हाती मोठे काम आहे. गोळ्यांची वेळ चुकवू नका. टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असेल, तर सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्या आणि मगच गोळी घ्या. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा. वेदनाशामक किंवा प्रतिजैविक गोळ्या परस्पर घेऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची पातळी वाढते, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने ती घटते. लघवी कमी होणे, पायांवर सूज, ताप, वाढलेला रक्तदाब ही लक्षणे दिसताच तज्ज्ञांना कळवा. पण लक्षणांची वाट पाहू नका; पुष्कळदा ती नसतातच.

आणि एक वही ठेवा. तारीख, क्रिएटिनिन, औषधाची पातळी, रक्तदाब एवढेच लिहा. आता कोणताही अहवाल हाती आला की मी प्रथम विचारतो, "मागचा आकडा किती होता?" हा प्रश्न मला त्या काकूंनी शिकवला.