वयाप्रमाणे दाणा

कोंबडीच्या वयाला आपल्याकडे नेमके शब्द आहेत. अंड्यातून निघालं ते पिल्लू. अंगाने भरली पण अजून अंड्यावर आलेली नाही ती तलंग. अंडी घालू लागली की कोंबडी, आणि घालायची थांबवून उबवायला बसली की खुडूक. बंगळुरूला येलहंक्याजवळच्या ज्या दुकानातून आम्ही खाद्य आणतो, तिथे हीच वयं पोत्यांवर लिहिलेली असतात: चिक, ग्रोअर, लेअर. दुकानदार मात्र कन्नडमध्ये एवढंच विचारतो, "मरिना, दोड्डदा?" म्हणजे पिल्लांसाठी हवं की मोठ्यांसाठी? तलंग या प्रश्नात कुठेच बसत नाही, आणि खाण्याच्या बाबतीत जास्तीत जास्त घोळ तिचाच होतो.

आमच्याकडे कोंबड्या आल्या त्या सासूबाईंमुळे. वेंगुर्ल्याचं घर बंद करून त्या इथे राहायला आल्या आणि घरामागची छोटी जागा पाहून म्हणाल्या, "चार कोंबड्या राहतील इथे." चाराच्या नऊ झाल्या. त्यातल्या बहुतेक गिरिराज जातीच्या. ही जात इथलीच, हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली, परसात पाळण्यासाठीच. पहिलं पोतं घरात आलं तेव्हा सासूबाईंनी मॅश बोटांत चोळून पाहिला आणि विचारलं, "हे पीठ कशाला? जन्मभर कोंबड्या पाळल्या मी. सकाळ-संध्याकाळ मूठभर कणी टाकली की झालं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या मुठीच्या पलीकडे काय होतं, हे आम्ही दोघींनी मग एकदा बसून मोजलं. घरामागे उकिरडा होता, त्यात अळ्या. गोठ्याजवळ शेण, माडाच्या बुंध्याशी वाळवी, पावसाळ्यात गांडुळं, मळणीनंतर खळ्यावर सांडलेलं भात, दिवसभर कोवळं गवत. कोंबडी जगत होती ती या सगळ्यावर. शिवाय गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून खुडूक बसायची, महिना-दोन महिने अंगाला विश्रांती. गिरिराज वर्षाकाठी तिच्यापेक्षा कितीतरी जास्त अंडी देते, आणि आमच्या परसात एक शेवग्याचं झाड आणि पंधरा दिवसांत उकरून कोरडी केलेली माती. वाळवीने जे दिलं असतं ते इथे पोत्यातूनच यायला हवं.

पोत्यांमधला फरक मुख्यतः दोन आकड्यांचा आहे. पहिले आठ आठवडे पिल्लाला साधारण 20 टक्के प्रथिनं लागतात, कारण त्याला हाड, मांस आणि पिसं एकदमच करायची असतात. (अंड्यातून बाहेर पडल्यावरचे एक-दोन दिवस पोटात ओढून घेतलेल्या बलकावर निघतात. तेव्हा पाणी आणि ऊब महत्त्वाची.) आठव्या आठवड्यापासून विसाव्यापर्यंत तलंगेला 16 टक्के पुरतात. तिने हळूहळू वाढावं, चरबी धरू नये. अंड्यावर आलेल्या कोंबडीला प्रथिनं 16 ते 18 टक्के. पण तिचा खरा आकडा कॅल्शियमचा. पिल्लाच्या आणि तलंगेच्या खाद्यात ते सुमारे 1 टक्का असतं, लेअरमध्ये 3 ते साडेतीन.

घोळ होतो तो इथे. तलंग दिसायला कोंबडीएवढी दिसते, म्हणून तिला मोठ्यांचं खाद्य घातलं जातं. अंडं घालत नसलेल्या अंगाला एवढ्या कॅल्शियमचं काही काम नसतं. आठवड्यामागून आठवडे ते मिळत राहिलं तर मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात, आणि वरून फार दिवस काही कळत नाही. उलट कोंबडीला पिल्लांचं खाद्य मिळालं तर कवच पातळ होतं, अंडं हातात चिरतं.

शेजारच्या आजींनी यावर अगदी इथला उपाय सुचवला: नाचणी. रागीत कॅल्शियम भरपूर, हे कर्नाटकात कुणाला सांगावं लागत नाही. माणसासाठी ते खरंच आहे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुसऱ्या कुठल्याही धान्यापेक्षा जास्त. पण एका अंड्याच्या कवचात 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. म्हणजे एका अंड्यासाठी अर्ध्या किलोहून जास्त नाचणी झाली, आणि कोंबडी दिवसाला खाते 100 ते 120 ग्रॅम. नाचणी दाणा म्हणून उत्तम, पण तिच्या भरवशावर कवच होत नाही.

मग बाहेरून मिळालं नाही तर कोंबडी कवच कुठून आणते? हा प्रश्न सासूबाईंचा. पहिलं अंडं येण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळं, मऊ हाड साठू लागतं. ती कवचाची शिल्लक. कवच घडायला वीसेक तास लागतात, आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा, पोट रिकामं असताना. तेव्हा ती या शिलकेतून उचलते. शिल्लक भरली नाही तर बाकीच्या हाडांतून. सासूबाईंचं मनगट त्याच वर्षी नुसतं टेकताना मोडलं होतं, आणि डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलं होतं. पाच बाळंतपणं झालेल्या. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्या हाडातलं काढून देते गो ती." त्यानंतर पोत्याबद्दल त्यांनी कधी वाद घातला नाही.

कणीचा इतिहासही मी त्यांना सांगितला. 1890 च्या सुमारास जावामधल्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आयकमन या डच डॉक्टरच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात त्यांना घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायचं नाकारलं. साधा, कोंड्यासकटचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठून चालू लागल्या. बेरीबेरीचं आणि पुढे ब जीवनसत्त्वाचं कोडं तिथून सुटू लागलं. आयकमनला 1929 मध्ये नोबेल मिळालं. ऐकून सासूबाईंनी विचारलं, "आणि त्या आचाऱ्याला?"

आता घरात तिन्ही वयं एकत्र आहेत, आणि नऊ कोंबड्यांसाठी तीन खुराडी शक्य नाहीत. म्हणून पिल्लं असतील तोवर सगळ्यांना पिल्लांचं खाद्य, ती मोठी झाली की सगळ्यांना ग्रोअर, आणि कॅल्शियम वेगळ्या वाडग्यात. कोंबडीला त्याची भूक वेगळी कळते. अंड्यावर असलेली वाडग्याकडे जाते, तलंगा एखादा तुकडा उचलून सोडून देतात. पिल्लं घेऊन फिरणाऱ्या आईचीही अडचण होत नाही, तेव्हा ती अंडी घालतच नाही. पोती मात्र आम्ही पावसाळ्यात लहान आणतो. ओल्या हवेत शेंगदाण्याच्या पेंडीला आणि मक्याला बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष वासावरून नेहमी ओळखू येत नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने लाखभर टर्की दगावल्या होत्या.

वाडग्याचं काम सासूबाईंकडे आहे. मंगळूरहून आलेल्या तिसऱ्या घरी झाल्या की त्या शिंपल्या उकळून, वाळवून खलबत्त्यात कुटतात. पीठ करायचं नाही, तांदळाएवढे तुकडे ठेवायचे, म्हणजे ते पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात. वाडगा त्या चारच्या सुमारास भरतात आणि कुणाचा तुरा लाल व्हायला लागलाय ते बघतात. दिवस मावळताना मूठभर कणी टाकायचं त्यांनी सोडलेलं नाही. पोट भरायला नव्हे, ते काम पोत्याचं. दाण्याचा आवाज झाला की सगळ्या धावत खुराड्याकडे येतात, आणि त्यांना एकेक मोजून आत घेता येतं.