अगूटीची स्वारी

रानउंदराचा एक केस उजेडात धरा. टोक काळं, त्याखाली पिवळा पट्टा, मग बुंध्यापर्यंत पुन्हा काळसर. तो पट्टा अगूटीचा. उंदराच्या दुसऱ्या गुणसूत्रावर राहणारं हे जनुक. सगळ्या अंगाचा तो मातकट, गवतात दिसेनासा करणारा रंग या पट्ट्यांमुळेच येतो.

स्वारी स्वतः रंग बनवत नाही. तिचं काम अडवणुकीचं. रंगपेशींवर एमसी१आर नावाचा ग्राही असतो. त्याला ठरावीक संप्रेरक चिकटलं की पेशी काळा रंग करते. अगूटीचं १३१ अमिनो आम्लांचं प्रथिन तीच जागा बळकावतं, निरोप पोचत नाही आणि पेशी पिवळ्यावर येते. केस वाढताना थोडेच दिवस हा कारभार चालतो, मग स्वारी गप्प. वेळेची एवढी पक्की!

पण तिला वेळीअवेळी, अंगभर मोकळं सोडलं की ती ऐकत नाही. उंदीर पिवळाधमक होतो आणि सुटतोही. कारण मेंदूत एमसी४आर हा त्याच घराण्यातला ग्राही आहे. भूक आवरण्याचं काम त्याचं, अन् अगूटी त्यालाही अडवते. पोट भरलं हे उंदराला कळतच नाही.

तिच्यावर खुनाचाही आळ आला. फ्रान्समध्ये नान्सीच्या क्येनोने १९०५ मध्ये दाखवलं की पिवळ्या उंदरांची जोडी लावली तरी शुद्ध पिवळं पिल्लू काही मिळत नाही. १९१० मध्ये कॅसल आणि लिटल यांनी कोडं सोडवलं: तीन चतुर्थांश पिल्लंच जन्मतात, उरलेली गर्भातच मरतात. पुढे कळलं, की त्या वाणात डीएनएचा मोठा तुकडा गळालेला असतो. त्यात राली हे शेजारचं जनुक जातं, आणि त्याचं चालू-बंदचं बटण अगूटीच्या हाती येतं. म्हणून ती सगळीकडे बोलत सुटते. मरण त्या गळालेल्या तुकड्यामुळे येतं. लठ्ठपणा मात्र तिचाच, तो मी माफ करणार नाही.

हट्टी असली तरी ती आईच्या ताटाचं ऐकते. २००३ मध्ये ड्यूक विद्यापीठात वॉटरलँड आणि जर्टल यांनी तिच्या एका वाणातल्या गाभण माद्यांना फॉलिक आम्ल, बी१२, कोलीन असं जास्तीचं दिलं. त्यांची पिल्लं जास्त तपकिरी निघाली. जनुक तेच, फक्त त्यावर मिथाइलचे शिक्के वाढले.

प्रयोगशाळांतला प्रसिद्ध काळा उंदीर सी५७बीएल/६ पाहिलात, तर ओळखा: त्याच्याकडे कामाची अगूटी नाही.