पूर्ण वेगाची परीक्षा

धक्क्याला बांधलेल्या होडीवरील यंत्र सुरेल गुणगुणत आहे, एवढ्यावरून तें निरोगी आहे असा निर्वाळा देणें म्हणजे हजेरीच्या वेळीं 'हजर' म्हणणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास पहिल्या श्रेणींत उत्तीर्ण करण्यासारखें आहे. होडीच्या पाठच्या फळ्यावर बाहेरून अडकवावयाच्या यंत्राविषयीं हें ज्ञान मला झालें तें देवबागेस, माझ्या थोरल्या मामांच्या होडींत.

देवबाग ही मालवण तालुक्यांतील वाळूची एक अरुंद पट्टी आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदी, आणि दक्षिणेच्या टोकाशीं नदीचें मुख. मुखापाशीं वाळूचे दांडे साठतात आणि ते आपली जागा बदलीत असतात. ओहोटीचें पाणी बाहेर धांवत असतां समोरून समुद्राची लाट आली, म्हणजे त्या दांड्यांवर पाणी भिंतीसारखें उभें राहतें. अशा वेळीं होडी आंत आणणाऱ्यास यंत्राची सारी शक्ति लागते. लाटेच्या तडाख्यांतून निसटतां आलें नाहीं तर लाट होडीला आडवी करते, आणि आडवी झालेली होडी उलटविण्यास दुसरी लाट पुरे होते. मामा जाळीं ओढून परततात ते याच वाटेनें. होडींत ते, त्यांचा मुलगा व दोन खलाशी. तेव्हां 'मशीन पुरें ओढीत नाहीं' हें वाक्य त्यांच्या घरीं कोणी हंसत उच्चारीत नाहीं.

यंत्र दहा अश्वशक्तीचें, टू-स्ट्रोक जातीचें, पेट्रोलवर चालणारें. या जातीचीं यंत्रें कांहीं आजचीं नव्हेत. नॉर्वे देशांत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिरानें अमेरिकेंतील मिलवॉकी शहरांत १९०९ सालीं आपलें यंत्र विक्रीस आणलें, तें अवघें दीड अश्वशक्तीचें होतें. मामांच्या यंत्राचें वय तितकें नसलें, तरी त्यानें पुष्कळ पावसाळे पाहिले होते. मासेमारीची बंदी उठून होड्या पाण्यांत लोटल्या गेल्या, आणि चार-दोन फेऱ्यांतच त्याचें दुखणें दिसूं लागलें. दोरीच्या एका हिसक्यासरशीं तें सुरू होई. नदींत सावकाश जातांना त्याची कांहीं तक्रार नसे. मूठ पूर्ण पिळली कीं पहिलीं वीस-तीस सेकंद तें जोरानें ओढी. मग आवाज बसूं लागे, होडीचें नाक खालीं येई, आणि वेग नाहींसा होई. मूठ सैल केली कीं थोड्या वेळानें पुन्हां सारें पूर्ववत्.

दुरुस्तीच्या एका दुकानांत यंत्र दोनदां जाऊन आलें. नवे प्लग बसले, कार्बोरेटर धुतला गेला. दोन्ही वेळां पाण्यानें भरलेल्या पिंपांत यंत्र चालवून दाखविण्यांत आलें, आणि दोन्ही वेळां तें उत्तम चाललें! शेवटीं 'आतां हें म्हातारें झालें, नवेंच घ्या' असा सल्ला मिळाला. नव्या यंत्राची किंमत लाखाच्या वर. मामा पतपेढींतून कर्जाचा अर्ज घेऊन आले होते. मी गेलों तेव्हां तो देवाच्या फळीवर उदबत्तीच्या पुड्याखालीं ठेवलेला होता.

पिंपांतील परीक्षा फसवी कां, हें समजण्यास थोडें गणित लागतें, आणि घनमूळ काढून आपल्याला पुढें काय करावयाचें आहे असें विचारणाऱ्या विद्यार्थिमित्रांनीं येथें क्षणभर थांबावें. यंत्राच्या टोकाला पाण्यांत फिरणारा पंखा असतो. तो फिरविण्यास लागणारी शक्ति त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणांत वाढत जाते. मिनिटाला ५००० फेऱ्यांस दहा अश्वशक्ति लागत असेल, तर २५०० फेऱ्यांस पांच नव्हे, केवळ सव्वा अश्वशक्ति पुरते. म्हणजे निम्म्या फेऱ्यांवर होडी मजेंत चालली यावरून यंत्राजवळ सव्वा अश्वशक्ति आहे इतकेंच सिद्ध होतें. उरलेली पावणेनऊ आहे कीं नाहीं, याचा पत्ता लागत नाहीं. त्यांतून पिंपांतलें पाणी पंख्याबरोबरच गरगरतें व फेंसाळतें, पंख्याला खरा विरोध होतच नाहीं. मग ती परीक्षा कसली? यंत्राला ओझें द्यावें, उघड्या पाण्यांत न्यावें, मूठ पूर्ण पिळावी आणि मग कान द्यावा.

आम्ही तसेंच केलें. भरती पूर्ण होऊन पाणी स्तब्ध झालें असतां मामा, त्यांचा मुलगा व मी नदीच्या रुंद पात्रांत गेलों. पहिला प्रश्न असा, कीं वेग जातो तेव्हां यंत्राच्या फेऱ्या वाढतात कीं घटतात? हा प्रश्न लहान दिसतो, परंतु अर्धी वाट त्यानेंच चालून होते. यंत्र चढ्या आवाजांत ओरडत आहे आणि होडी मात्र पुढें सरत नाहीं, असें असेल तर दोष पंख्याकडे. पंख्याच्या मध्यभागीं रबराचा गाभा असतो. तो सुटला तर दांडा फिरतो व पातीं मागें राहतात. (गाभ्यावरून आरपार रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, फेरफटक्यानंतर रेघ तुटलेली दिसली तर चोर सांपडला.) यंत्र फळ्यावर फार उंच बसलें असेल तर पंखा वरची हवा ओढतो, त्याचीहि लक्षणें हींच. उलट फेऱ्याच घटत असतील, तर यंत्रावर ओझें फार आहे किंवा यंत्रालाच बळ उरलेलें नाहीं. आमच्या यंत्राचा आवाज बसत होता. तेव्हां पंखा निर्दोष ठरला.

ओझें म्हणावें तर होडी रिकामी होती. तळाला शेवाळ व बारीक शिंपले चिकटले होते हें खरें. पण तळाचें शेवाळ पहिलीं वीस सेकंद गप्प बसून मग अडवणूक करील, हें संभवत नाहीं. त्या वीस सेकंदांनींच मामांना मूळ गोष्ट सुचविली होती. कार्बोरेटरांत पेट्रोलची एक लहानशी वाटी असते. मूठ पिळली कीं वाटींतला सांठा जळूं लागतो. मागून तितकें पेट्रोल न आलें तर वाटी आटते आणि यंत्राचा दम जातो. सावकाश चालतांना खर्च थोडा, म्हणून चणचण भासत नाहीं. मामा एवढें शास्त्र बोलले नाहींत. ते म्हणाले, "ह्यां मशीन म्हातारां जावक नाय, ह्यां उपाशी आसा." दुकानदाराच्या दोन भेटींपेक्षां हें एक वाक्य मला अधिक मोलाचें वाटलें.

उपाशी असेल तर घांस कोठें अडतो? टाकीपासून यंत्रापर्यंत रबरी नळी जाते, आणि नळीच्या मध्यें हातानें दाबावयाचा एक रबरी फुगा असतो. मामांनीं मूठ पूर्ण पिळली. आवाज बसूं लागतांच मुलानें फुगा दाबावयास आरंभ केला, आणि यंत्र एकदम गर्जून उठलें! दाबणें थांबविलें कीं बसलें, दाबलें कीं उठलें. तीनदां पडताळा पाहिला. आतां पेट्रोलची वाटच कोंदली आहे याविषयीं शंका राहिली नाहीं.

परंतु वाट लांब होती. टाकीच्या झांकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असतां टाकींत पोकळी होऊन पेट्रोल येईनासें होतें. तो उघडा होता. शिवाय फुग्याच्या मागें, टाकीकडे, अडथळा असता तर यंत्राच्या ओढीनें फुगा चपटा झाला असता. आमचा फुगा टणक व गोल होता. तेव्हां दोष फुगा व यंत्र यांच्या मधल्या भागांत. तेथें तीन आरोपी उरले: नळी, गाळणी व यंत्रावरचा पंप. गाळणी उघडली, ती स्वच्छ निघाली. सारेंच एकदम बदलावें असा मुलाचा आग्रह होता. मामांनीं तो मानला नाहीं, कारण तिन्ही बदलून यंत्र सुधारलें तरी अपराधी कोण हें कळलें नसतें आणि खर्च मात्र तिघांचा झाला असता. शेजारच्या होडीवरील नळी मागून आणली व तेवढीच जोडली. यंत्रानें पूर्ण वेगानें पात्राच्या दोन फेऱ्या घेतल्या. आवाज तसूभरहि बसला नाहीं. पंपाला हात लावण्याचें कारणच उरलें नाहीं.

जुनी नळी बाहेरून धडधाकट होती. चीर नाहीं, गळती नाहीं. मामांनीं सुरीनें ती उभी चिरली. आंतला पातळ थर मूळ नळीपासून सुटून पडदा होऊन लोंबत होता. फुगा दाबला कीं पेट्रोलच्या रेट्यानें पडदा भिंतीला चिकटे व वाट मोकळी होई; यंत्रानें ओढलें कीं तोच पडदा आंत खेंचला जाऊन वाट मिटे. अलीकडे पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि जुन्या रबराला तें मानवत नाहीं. त्यांतून ही नळी सबंध पावसाळा पेट्रोल पोटांत घेऊन पडवींत पडलेली होती. तेव्हांपासून मामा यंत्र ठेवतांना नळी सोडवून निथळून टांगतात.

नवी नळी मालवणच्या बाजारांतून आणली. कर्जाच्या अर्जाला तिच्या किंमतीचा विचारहि करण्याचें कारण नव्हतें. दुसऱ्या दिवशीं होडी मुखाबाहेर गेली आणि ओहोटी लागलेली असतांना परत आंत आली. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मामींनीं आवाज शेवटपर्यंत ऐकला व मग त्या चुलीकडे वळल्या. तरी पूर्वीच्या मानानें वेग अजून किंचित् कमीच आहे, आणि तें त्या तळाच्या शेवाळाचें काम. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला होडी वाळूवर घेऊन तें खरवडूं, असें मामा म्हणतात.